चार इंच

हॉलिस्टर गावात भूकंप येत नाही,
तो तिथेच राहतो.
फुटपाथची सरळ कड मध्येच वाकलीय,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी,
आणि बेटेनकोर्ट आजोबांची कुंपणभिंत
वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी सरकते शेजारच्या आवारात.
"दावा कुणावर लावू," म्हणतात, "जमिनीवर?"

मी आले होते शाळेचं ग्रंथालय तपासायला.
एकसष्ट सालचं काँक्रीट, दोन मजले.
छपरावर उभं राहून पाहिलं
तर दुमडलेला हात:
एक लांब भुजा उत्तरेला, एक आखूड पूर्वेला,
मध्ये कोपर.
आपल्याकडे सोय आहे,
कोपर आणि कोपरा, एका कान्याचं अंतर.
शाळेच्या मंडळाला हेच सांगायला
मला तीन आकृत्या आणि एक जेली लागली.

थरथरत्या जेलीवर पुठ्ठ्याची इमारत ठेवून
मी ताटली हलवली.
बघा, लांब बाजू तिच्या तालात डुलते,
आखूड बाजू तिच्या.
दोघींचं भांडण होतं ते कोपऱ्यात.
शिवाय जिन्याची जाडजूड भिंत एकाच टोकाला,
म्हणून सगळी इमारत तिच्याभोवती फिरू पाहते,
ओलं लुगडं पिळावं तशी.
शिवाय खिडक्यांखाली
कुणीतरी नंतर अर्ध्या उंचीची भिंत बांधली
आणि खांब आखूड करून टाकले.
उंच खांब थोडा वाकून वेळ मारून नेतो.
आखूड खांबाला वाकताच येत नाही,
म्हणून सगळा जोर त्याच्याच अंगावर.
(घरोघरी असतो असा एक.
हे मी मंडळाला सांगितलं नाही.)

एर्लिंडा सापिएन मागे उभी होती.
तिचं टेबल त्याच कोपऱ्यात, तेवीस वर्षं,
कारण तिथूनच दोन्ही दालनांतली पोरं दिसतात.
"म्हणजे कापणार तुम्ही?"
हो. छपरापासून खाली जमिनीपर्यंत.
"किती?"
चार इंच.
"चार इंचांत काय मावतं?"
उत्तर माझ्या वहीत होतं, दशांश चिन्हासकट,
पण तिला ते नको होतं.

माझी आई पाटणची.
कोयनेच्या त्या पहाटेबद्दल ती एवढंच सांगायची:
भिंती एकमेकींना सोडून गेल्या.
पुढे काही नाही, चुलीकडे वळायची.
मी लहानपणी ठरवलं होतं,
मोठी होऊन सगळं घट्ट बांधेन,
काही म्हणता काही सुटणार नाही.
आणि आता पगार घेते
तो सोडवून देण्याचा.

जुलैभर करवत चालली, पाण्याखाली, राखाडी चिखल गाळत.
कापलेल्या कडांना नवे खांब, नव्या तुळया,
दोन्ही बाजूंना आपापलं उभं राहण्यापुरतं.
अर्धभिंतीही खांबांपासून बोटभर सुट्या केल्या.
फक्त पाया एकच ठेवला.
पाया तोडावा लागत नाही,
हे एर्लिंडाला सांगितलं तेव्हा
ती पहिल्यांदा खुर्चीत बसली.

फटीवर सरकती पत्र्याची पट्टी आली,
तिच्यावरून पुस्तकांची गाडी जाते, खडखडते.
इमारती दोन झाल्या, पत्ता तोच.
टेबल तिने हलवलं नाही,
दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे.
मी नियमाचं बोलले.
तिने चष्म्यावरून पाहिलं.
शेवटी टेबल उत्तरेला गेलं, खुर्चीची तोंड-दिशा मात्र तीच.

नोव्हेंबरात, दुपारी तीनच्या सुमारास, छोटासा आला.
दिवे हलले, एक मुलगा "सहा पॉइंट दोन!" ओरडला
(तीन पॉइंट चार होता).
पट्टी म्हणे एकदा टक् वाजली,
उत्तर बाजू थोडी आधी गेली, पूर्व बाजू मागून,
आणि दोघी परत आपापल्या जागी.

एर्लिंडाने तारखेचा शिक्का उचलला
आणि फटीशेजारच्या नव्या गिलाव्यावर मारला.
फोटो पाठवला मला, खाली एकच ओळ:
गिलावा खराब केल्याचा दंड मी भरेन.

मी तो फोटो मोठा करून पाहिला,
शिक्क्यासाठी नाही,
भेग कुठे दिसते का ते बघायला.
दोन वेळा पाहिला.
मग जेवायला गेले.